बाळंतिणीच्या मनाची विचारपूस कोणी करावी : आशाताईंनी, बचत गटाने की दवाखान्याने?

पाणवठा | सोमवार, रात्री ९.४०

आमच्या तालुक्यातल्या बचत गटांच्या संघाचे हिशेब मी पाहते. मागच्या महिन्यात प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकारी आमच्या मासिक बैठकीला आल्या होत्या. बाळंतपणानंतर उदास होणाऱ्या, झोप उडालेल्या, बाळाला जवळ घ्यावेसेच वाटत नाही असे म्हणणाऱ्या बायका आपल्यापर्यंत फार उशिरा पोचतात किंवा पोचतच नाहीत, तेव्हा गावातल्या गटांनी आणि केंद्राने मिळून काही करता येईल का, असे त्यांनी विचारले. त्यांची कल्पना अशी की प्रत्येक गावातून गटातली एक अनुभवी बाई 'सखी' म्हणून निवडावी, आशाताईंनी गृहभेटीच्या वेळी आईचीही विचारपूस करावी, जिला गरज दिसेल तिच्याकडे सखीने नियमाने जावे आणि प्रकरण सखीच्या आवाक्याबाहेरचे असेल तर पुढची जबाबदारी केंद्राने घ्यावी.

बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या. (माना डोलावणे हा आमच्या संघाचा कायमचा ठराव आहे.) घरी परतताना मात्र मला शंका छळू लागली. आशाताई बाळाचे वजन करायला जाते तेव्हा खोलीत सासू असते, नणंद असते, बाळ बघायला आलेली शेजारीण असते. एवढ्या माणसांत "तुला कसं वाटतंय?" असे विचारले तर "बरं आहे" यापलीकडे उत्तर येणार कसे? आणि समजा एखादी बोलली, रडली, तर पुढे काय करायचे हे विचारणारीलाच ठाऊक नसेल तर आपण तिला अर्ध्या वाटेत सोडून येणार का? पुढच्या बैठकीत होकार किंवा नकार कळवायचा आहे. ज्यांनी हे काम केले आहे, किंवा ज्या स्वतः यातून गेल्या आहेत, त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहावे.

निशिगंध_१२ | सोमवार, रात्री १०.२५

मी स्वतः यातून गेले आहे, म्हणून लिहिते. २०१४ साली पुण्यात माझे पहिले बाळंतपण झाले. रुग्णालय चांगले होते आणि घरची माणसेही प्रेमळ होती. त्या दीड महिन्यात माझे टाके तपासले गेले, दूध पुरते की नाही ते तपासले गेले, बाळाचे वजन तर इतक्या वेळा झाले की तो आकडा मला आजही पाठ आहे. शेवटच्या तपासणीत डॉक्टरांनी वही मिटता मिटता "बाकी काही?" असे विचारले आणि मी "काही नाही" म्हणाले. त्या 'बाकी'मध्येच सगळे होते: रात्री बाळ झोपल्यावरही मी जागी असायची, आणि हे मूल माझ्या हातून पडेल असे वाटून मी त्याला उचलायचेच टाळत होते.

हे कोणाच्या लक्षात आले, तर मला तेल लावायला येणाऱ्या मावशींच्या. सकाळी अर्धा-पाऊण तास न्हाणीघराचे दार लावून आम्ही दोघीच असायचो. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी पाठ चोळताना नुसते विचारले, "रात्री रडतीस काय गं?" आणि मग मी खरोखरच रडले. आईला त्यांनीच सांगितले आणि आई मला मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेली. ताई, तुमच्या शंकेचे उत्तर कदाचित तिथे आहे. त्या काळात बाळंतिणीला दाराआड, एकटीला, रोज भेटणारी व्यक्ती एकच असते आणि ती कोणत्याही सरकारी यादीत नसते.

डोंगरवाट | सोमवार, रात्री ११.०५

मत वेगळे आहे, त्याबद्दल राग नसावा. पहिलटकरणीने माहेरी जावे, सव्वा महिना तिने खाली पाऊलही ठेवू नये, आई-आजी-काकूंनी तिच्या भोवती असावे, ही व्यवस्था आपल्याकडे होतीच. ती मोडली म्हणून आता सखी, प्रश्नावली आणि समुपदेशन आणावे लागते आहे. आमच्या आईने पाच मुले वाढवली आणि तिला 'नैराश्य' हा शब्दही माहीत नव्हता. सरकारी यंत्रणा घरात आणखी आत शिरण्यापेक्षा घरच्यांनाच शहाणे करावे, असे मला वाटते.

जुनी_परिचारिका | मंगळवार, सकाळी ६.५०

उपकेंद्रावर एकतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झाले आहे. डोंगरवाट यांच्यावर मी रागावलेली नाही, पण त्यांच्या 'पूर्वी'ची माझ्याकडे थोडी नोंद आहे. माझ्या नोकरीच्या पहिल्या आठ-नऊ वर्षांत माझ्या गावांमध्ये दोन बायका 'पाय घसरून' विहिरीत पडल्या. एकीचे बाळ दोन महिन्यांचे होते, दुसरीचे चार. दोघींचेही बाळंतपण माहेरी, आई-आजीच्या देखरेखीखाली नीट पार पडले होते आणि दोघी सासरी परतल्यानंतर हे घडले. गावात 'नैराश्य' हा शब्द नव्हता हे खरे आहे. त्या जागी 'पाय घसरला' हे शब्द होते.

आता मूळ प्रश्नाकडे येते. घरी जाऊन बाळंतिणीला आणि बाळाला भेटण्याची पद्धत ज्या गडचिरोलीतून देशभर गेली, तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ गावांमध्ये गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले आणि तीन वर्षांत नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. पुढे २०११ साली हेच काम देशभरातल्या आशांकडे आले. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट, म्हणजे दीड महिन्यात सहा वेळा घराचे दार हक्काने उघडते. आपल्याजवळ एवढी मोठी सोय असताना नवा रस्ता खणायची गरज नाही. त्या भेटीतला बराचसा वेळ तापमान, वजन, नाळ आणि स्तनपान यांत जातो, एवढीच अडचण आहे.

एकटेपणा मिळवायच्या युक्त्या आम्ही शोधल्या होत्या, त्या सांगते. घरात गेले की मी सासूबाईंना म्हणायची, "बाळाला हात लावायचाय, जरा गरम पाणी करता का हात धुवायला?" चुलीवर पाणी तापेपर्यंत चार-पाच मिनिटे मिळत. त्यानंतर चहा घ्यायला मी कधीच नाही म्हटले नाही, कारण चहाची आणखी सात मिनिटे असतात. माझे मधुमेहाचे निदान पुढे झाले, तो भाग वेगळा.

खडीसाखर | मंगळवार, सकाळी ८.१५

डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, अळिवाचे लाडू : बाळंतिणीला लाडू तीन प्रकारचे मिळतात आणि प्रश्न मात्र एकही विचारला जात नाही.

जुनी_परिचारिका, तुमच्या चहाला सलाम.

आशा_पंचक्रोशी | मंगळवार, दुपारी २.३०

मी आशा आहे, त्यामुळे हा धागा वाचताना मला थोडे हसू आले आणि थोडा रागही आला. बाळाच्या या सगळ्या भेटी पूर्ण करून फॉर्म भरल्यावर मिळून २५० रुपये मिळतात. त्याच आठवड्यात माझ्याकडे क्षयरोगाच्या औषधांचे काम असते, लसीकरणाची यादी असते, ग्राम आरोग्य व पोषण दिवसाची तयारी असते आणि कोणते ना कोणते सर्वेक्षण चालूच असते. त्यात आईच्या मनाची दहा प्रश्नांची प्रश्नावली वाढली तर मी ती भरेन, पण कशी भरेन हे मला विचारू नका. सगळ्या उत्तरांवर 'नाही' अशी खूण करायला दोन मिनिटे लागतात.

मागे एकदा दुसऱ्याच एका सर्वेक्षणात आम्हाला घरोघर मनःस्थितीचे प्रश्न विचारायला सांगितले होते. एका बाईने मला सगळे खरे सांगितले. मी कागद वर पाठवला. पुढे काहीच झाले नाही. ती बाई आजही नळावर भेटली की माझ्याकडे बघत नाही. म्हणून माझी अट एवढीच आहे की ज्या दिवशी मी विचारणार, त्या दिवसापासून तिला न्यायचे कुठे, कोणत्या वारी आणि कोणाच्या गाडीने, हे लिहून मिळाले पाहिजे. ते लिहून मिळाले तर मी पैशांविनाही विचारेन, आणि खरे सांगायचे तर आताही विचारतेच.

पाणवठा | मंगळवार, दुपारी ४.१०

आशाताई, तुमची अट मी जशीच्या तशी उतरवून घेतली आहे. निशिगंधताई, तेल लावणाऱ्या मावशींचे तर मला सुचलेच नव्हते. आमच्या गावांत हे काम करणाऱ्या बायका आहेत, पण त्यांतल्या बहुतेक कोणत्याच गटात नाहीत, कारण महिन्याची बचत भरणे त्यांना परवडत नाही.

ओपीडी_नंतर | मंगळवार, रात्री ९.००

मी मनोविकारतज्ज्ञ आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी काम करतो. चर्चेत तीन वेगळ्या अवस्था एकाच नावाखाली येत आहेत, म्हणून थोडे स्पष्ट करतो. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून येणारे रडू, चिडचिड, हळवेपणा हे निम्म्याहून अधिक बायकांना होते आणि दहा-बारा दिवसांत आपोआप ओसरते. तिथे औषध लागत नाही, झोप आणि मदत लागते. हे दोन आठवड्यांपलीकडे टिकले, कशातच मन लागेना, आपण वाईट आई आहोत असे सतत वाटू लागले, बाळ झोपले तरी आईला झोप येईना, तर ते प्रसूतिपश्चात नैराश्य असू शकते. भारतातल्या ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला, त्यात हे प्रमाण सुमारे २२ टक्के, म्हणजे साधारण पाच बायकांमागे एक, असे दिसले. तिसरी अवस्था हजारात एक-दोघींनाच होते, पण ती तातडीची असते. पहिल्या दोन आठवड्यांत बाई अचानक असंबद्ध बोलू लागते, झोपतच नाही, बाळाविषयी विचित्र कल्पना करू लागते. गावात याला 'बाहेरचं' म्हणतात, 'बाळंतवारं' म्हणतात आणि मांत्रिकाकडे चार दिवस जातात. सखीने बाकी काही शिकले नाही तरी चालेल, पण हे ओळखून त्याच दिवशी गाडी करायला शिकले पाहिजे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती घरच्यांना उपचारापासून मागे खेचते. "गोळ्या सुरू केल्या तर अंगावरचे दूध तोडावे लागेल" ही समजूत सरसकट खरी नाही. सर्ट्रालीनसारखी काही औषधे स्तनपान चालू असताना तज्ज्ञांच्या सल्ल्याने देता येतात. तसेच थकवा आणि उदासीपोटी आलेल्या बाईचे हिमोग्लोबिन आणि थायरॉईड आधी तपासावे. दाखल करावे लागले तर बाळ काढून घेतील ही भीतीही असते; २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार तीन वर्षांखालील मुलाला उपचार घेणाऱ्या आईपासून सामान्यतः वेगळे करायचे नसते, आणि धोका असल्यामुळे करावेच लागले तर आईला देखरेखीखाली त्याला भेटता आले पाहिजे. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत आई आणि बाळ यांना एकत्र ठेवण्याचा स्वतंत्र विभाग २००९ पासून आहे. आपल्या जिल्ह्यांमध्ये तसे विभाग नाहीत, हे खरे दुखणे आहे.

रात्री-अपरात्री कोणीच हाताशी नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आहे. तिथे मराठीतही बोलता येते.

डोंगरवाट | मंगळवार, रात्री ९.४५

जुनी_परिचारिका यांचा प्रतिसाद वाचून मी दुपारी आईला फोन केला होता. पाच मुलांपैकी तिसऱ्या वेळी, म्हणजे माझ्या वेळी, ती तीन महिने कोणाशी बोलत नव्हती आणि मला आत्याने सांभाळले होते, असे तिने सांगितले. मला हे आजवर माहीत नव्हते. माझे मत पूर्ण बदलले आहे असे नाही, घरच्यांना शहाणे करावे हे मी अजूनही म्हणेन. पण तिला काही झाले नव्हते असे जे मी सुचवले होते, ते मागे घेतो.

मांडवीतीर | बुधवार, सकाळी १०.२०

गोव्याहून लिहिते आहे. 'सखी' ही कल्पना हवेतली नाही, आमच्याकडे ती करून पाहिलेली आहे. 'संगत' ही संस्था इथे १९९६ पासून मानसिक आरोग्यावर काम करते. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या २७० मातांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. बाळ सहा ते आठ आठवड्यांचे असताना त्यांतल्या २३ टक्के माता नैराश्यात होत्या आणि त्यांतल्या तीन चतुर्थांशांहून अधिक जणींना गरोदरपणातच त्रास सुरू झालेला होता. पैशांची तंगी आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध ही मोठी कारणे होती, आणि मुलगी झाली की त्यांची धार आणखी वाढत होती. म्हणून माझा पहिला आग्रह हा की बाळंतपणाची वाट पाहू नका. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांची तपासणी होतेच, तिथूनच सुरुवात करावी.

दुसरी गोष्ट सखीच्या कामाविषयी. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत डॉ. आतिफ रहमान यांनी तिथल्या 'लेडी हेल्थ वर्कर'ना, म्हणजे आपल्या आशांसारख्याच बायकांना, गप्पांच्या ओघात करता येईल असे समुपदेशन शिकवले. २००८ साली निकाल आले तेव्हा सहा महिन्यांनी या भेटी मिळालेल्या मातांपैकी २३ टक्के नैराश्यात होत्या, तर न मिळालेल्यांपैकी ५३ टक्के. गोव्यात त्याच पद्धतीला पुढे नेऊन आरोग्यसेविकांऐवजी वस्तीतल्या साध्या बायकांना, ज्या स्वतः आई होत्या, हे काम शिकवले गेले आणि त्यांना 'सखी' म्हटले गेले. चित्रे दाखवून तीनच विषयांवर बोलायचे: तिची स्वतःची तब्येत, तिचे बाळाशी नाते आणि तिचे भोवतालच्या माणसांशी नाते. प्रत्येक वेळी पुढच्या भेटीपर्यंत करायची एखादी छोटी गोष्ट ठरवायची. २८० बायकांच्या त्या चाचणीचा निकाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. सखी भेटलेल्या गटात बऱ्या झालेल्यांचे प्रमाण जास्त होते, पण लक्षणांच्या सरासरी तीव्रतेत ठसठशीत फरक दिसला नाही. तेव्हा सखीकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये, पण ती स्वस्त आहे, जवळ आहे आणि ती आली म्हणजे 'वेड्यांच्या डॉक्टरकडची बाई आली' असे शेजारी म्हणत नाहीत.

साल_आणि_मोह | बुधवार, दुपारी १२.१०

मांडवीतीर यांच्या माहितीत थोडी भर घालतो. मी काही वर्षे झारखंडमध्ये होतो. तिथे 'एकजुट' या संस्थेने झारखंड आणि ओडिशातल्या तीन जिल्ह्यांत बायकांचे गट दर महिन्याला जमवले. चित्रांचे खेळ आणि गोष्टी यांतून गरोदरपणात आणि बाळंतपणात काय अडचणी येतात ते बायकाच ठरवत आणि उपायही त्याच शोधत. २०१० साली निकाल प्रसिद्ध झाले, तेव्हा नवजात मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी दिसले. त्या बैठकांत मानसिक आरोग्याचा विषय काढलेलाच नव्हता. तरीही तिसऱ्या वर्षी मध्यम स्वरूपाचे नैराश्य ५७ टक्क्यांनी कमी आढळले. पहिल्या दोन वर्षांत असा फरक दिसला नव्हता, हेही लक्षात घ्यावे. पाणवठाताईंच्या संघाकडे महिन्याची बैठक तयार आहे, फक्त तिथे कर्जाच्या हप्त्याखेरीज दुसरे काही बोलले जाते का, हे त्यांनी पाहावे.

पाणवठा | बुधवार, दुपारी १२.४०

खरे सांगायचे तर बोलले जात नाही. आणि ज्या बाईचा हप्ता थकलेला असतो ती बैठकीला येतच नाही. आपल्याला जी हवी आहे ती बहुधा तीच असणार.

टेम्सकाठ | बुधवार, संध्याकाळी ७.३०

मी इंग्लंडमध्ये राहते. इथे बाळंतपणानंतर 'हेल्थ व्हिजिटर' घरी येते आणि आईच्या मनःस्थितीबद्दल प्रश्न विचारणे हा तिच्या कामाचाच भाग असतो. १९८७ साली एडिंबरामध्ये तयार झालेली दहा प्रश्नांची यादी बऱ्याच ठिकाणी वापरतात. ऐकायला हे आदर्श वाटते, पण माझ्या वेळी काय झाले ते ऐका. माझे इंग्रजी तेव्हा कच्चे होते, म्हणून प्रश्नांचे भाषांतर माझा नवरा करत होता. "तुला रडू येतं का, असं विचारतायत," असे तो म्हणाला आणि मी त्याच्याकडे पाहून "नाही" म्हणाले. त्या बाईंना काहीतरी जाणवले असावे, कारण दुसऱ्या वेळी त्यांनी फोनवर मराठी दुभाषी जोडून दिली आणि नवऱ्याला बाळाला घेऊन बागेत एक फेरी मारायला सांगितले. मग मी बोलले. गरम पाणी, चहा आणि बागेतली फेरी ही एकच युक्ती आहे, हे आज हा धागा वाचताना कळले.

प्रश्नावलीच्या भाषेविषयीही सावध राहावे. तिच्या अनुवादात गंमत वाटणे, मजा येणे असे काही होते आणि दुभाषीने ते शब्दशः विचारल्यावर मला हसू आले, कारण माझी आई कधीच "मला मजा वाटत नाही" असे म्हणाली नसती. ती "जीव रमत नाही" म्हणाली असती.

जुनी_परिचारिका | बुधवार, रात्री ८.०५

अगदी बरोबर. आमच्याकडे बाई "उदास आहे" असे म्हणत नाही. ती "अंग जड झालंय" म्हणते, "डोकं भणभणतं" म्हणते, "काळीज धडधडतं" म्हणते, "अन्न गोड लागत नाही" म्हणते. त्यामुळे मी दहा प्रश्नांच्या नादी न लागता दोनच विचारायची: गेल्या पंधरा दिवसांत जीव रमत नाही असे झाले का, आणि बाळ निजल्यावर तुला झोप लागते का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बाई सासूसमोरही खरे देते, कारण झोपेत लाजण्यासारखे काही नसते.

ओपीडी_नंतर | बुधवार, रात्री ८.४०

त्या दोन प्रश्नांना माझी हरकत नाही, मात्र जिचे उत्तर काळजीचे येईल तिला स्वतःला संपवावे असे वाटते का, किंवा बाळाला काही करून बसू अशी भीती वाटते का, हे एकांतात विचारलेच पाहिजे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट ओझे हलके होते. मात्र हे विचारणे सखीवर टाकू नये, ते परिचारिकेने किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने करावे.

कोयता_बीड | बुधवार, रात्री ९.३०

आमच्या भागातल्या बाळंतिणी तुमच्या बेचाळिसाव्या दिवसाला गावात नसतातच. साखर कारखाने सुरू झाले की महिन्याचे बाळ झोळीत घालून बायका पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊसतोडीला जातात. तिथे कोपीत, म्हणजे तोडीच्या जागच्या झोपडीत, गृहभेट कोण देणार? गावची आशा म्हणते ती इथे नाही, तिकडची आशा म्हणते ती आमच्या यादीत नाही.

निशिगंध_१२ | बुधवार, रात्री ९.५०

हीच अडचण माहेर-सासरचीही आहे. गरोदरपणात सासरची आशा भेटते, बाळंतपण माहेरी होते म्हणून तिथली दुसरीच भेटते, आणि दोन-तीन महिन्यांनी बाई सासरी परतते तेव्हा दीड महिन्याच्या सगळ्या भेटी संपलेल्या असतात. जुनी_परिचारिका यांनी सांगितलेल्या दोन्ही बायकांचा तो काळ होता. माता-बाल संरक्षण कार्ड मात्र तिच्यासोबत सगळीकडे फिरते, त्यावर एखादी खूण करता येणार नाही का?

आशा_पंचक्रोशी | बुधवार, रात्री १०.१५

कृपया करू नका. ते कार्ड घरात सगळे उघडून बघतात. एकदा त्यावर खूण झाली आणि तिचा अर्थ घरच्यांना कळला की "आम्हाला फसवून वेडी दिली" असे म्हणून बाईला माहेरी पाठवायला वेळ लागत नाही. त्यापेक्षा मी तिच्या सासरच्या आशेला फोन करेन. आम्ही सगळ्या एकमेकींना ओळखतो, आणि नाही ओळखले तरी आमच्यावर देखरेख करणारी गटप्रवर्तक ओळखते. अर्थात बाईला विचारूनच.

रात्रपाळीचा_बाबा | गुरुवार, पहाटे ३.१५

बाळाला खांद्यावर घेऊन हे लिहितो आहे. इतक्या प्रतिसादांत नवऱ्याचा उल्लेख फक्त बागेत पाठवण्यापुरता आला. बायकोला सलग पाच तास झोप मिळावी म्हणून रात्रीची एक पाळी मी उचलली आहे, त्याचा तिला गोळ्यांइतकाच उपयोग झाला असे तिच्या डॉक्टरांचे म्हणणे आहे. सखीच्या भेटींपैकी एखादी नवऱ्यासोबत ठेवावी.

डोंगरवाट | गुरुवार, सकाळी ७.२०

'घरच्यांना शहाणे करा' म्हणत होतो ते हेच. बाबा, झोपा आता.

पाणवठा | रविवार, रात्री ८.५०

धागा लांबला, पण माझा कागद तयार झाला. काल मी वैद्यकीय अधिकारी, दोन आशाताई आणि संघाच्या अध्यक्षा यांच्यासोबत बसले आणि तुमचे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. (चहाचा प्रतिसाद दोनदा वाचावा लागला.) होकार द्यायचे ठरले आहे, मात्र सगळ्या तालुक्यासाठी नाही, उपकेंद्राच्या चार गावांसाठी आणि एका वर्षासाठी.

आशाताईंनी प्रश्नावली भरायची नाही. त्यांनी गरोदरपणात एकदा आणि बाळंतपणानंतर चौदाव्या दिवसापासून प्रत्येक भेटीत ते दोन प्रश्न विचारायचे, आणि काळजी वाटली तर कागदावर काही न लिहिता परिचारिकेला सांगायचे. दीड महिन्याची लस घ्यायला बाई उपकेंद्रावर येते तेव्हा परिचारिका तिच्याशी आतल्या खोलीत बोलेल. बाळाला बाहेर घेऊन बसायला सखी असेल, म्हणजे सासूबाईंनाही वावगे वाटणार नाही. अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लशीलाही हेच करायचे, कारण सासरी परतलेल्या बायका तिथेच सापडतील. आशाताईंच्या अटीप्रमाणे ग्रामीण रुग्णालयात जिल्ह्याचे मानसिक आरोग्य पथक येते तो वार, तिथल्या एका परिचारिकेचा क्रमांक आणि गाडीभाड्यासाठी संघाच्या निधीतून वेगळी काढलेली रक्कम, हे सगळे आधी लिहून उपकेंद्राच्या भिंतीवर लावले जाईल आणि मगच पहिला प्रश्न विचारला जाईल. त्या भिंतीवरच्या कागदावर कोणत्याही आजाराचे नाव नसेल.

तेल लावणाऱ्या मावशींवर सर्वांत जास्त वाद झाला. त्यांना प्रशिक्षण दिले तर त्या गावभर बोलतील असे अध्यक्षांचे म्हणणे होते. त्यावर एक आशाताई म्हणाल्या, "त्या आजपर्यंत बोलल्या असत्या तर अर्ध्या गावाचे संसार मोडले असते." मग विषय संपला. चार गावांत मिळून सहा मावशी आहेत, त्यांना बोलवायचे आणि त्या दिवसाची बुडालेली मजुरी द्यायची.

तोडीला जाणाऱ्या कुटुंबांचे काय करायचे ते आम्हाला सुचले नाही. आमच्या चार गावांतून नऊ-दहा जोड्या जातात, त्यांच्या मुकादमाचे क्रमांक तेवढे घेऊन ठेवले आहेत. कोयता_बीड, तुमच्याकडे कोणी काही करत असेल तर जरूर कळवा. पहिले प्रशिक्षण पुढच्या महिन्याच्या ९ तारखेला ठेवले आहे.

आशा_पंचक्रोशी | रविवार, रात्री ९.१०

ताई, ९ तारखेला गरोदर मातांची तपासणी असते, त्या दिवशी एकही आशा येणार नाही. आणि मावशींना सकाळी बोलवू नका, सकाळी त्यांची न्हाणी असतात.

पाणवठा | रविवार, रात्री ९.२५

बरोबर आहे, विसरलेच. ११ तारीख, दुपारी दोन वाजता.